आधी सूर, मग कॅमेरा : मोरिकोनेच्या एका तबकडीचं प्रकरण

प्रायोगिक नाटकाच्या तालमीला कधी गेला असाल तर हे चित्र ओळखीचं असेल. संहिता पक्की झालेली असते, नटांचं पाठांतर झालेलं असतं, नेपथ्याला रंगही लागलेला असतो. पार्श्वसंगीत करणारा मात्र रंगीत तालमीच्या आदल्या रात्री येतो आणि त्याला सांगितलं जातं, ‘इथे जरा गूढ काहीतरी दे, शेवटी करुण.’ सिनेमात याहून फारसं वेगळं घडत नाही. चित्रीकरण होतं, एडिटिंग होतं, दृश्याची लांबी सेकंदाच्या हिशेबात ठरते आणि मग संगीतकाराला बोलावणं जातं. मी बरीच वर्षं या रांगेच्या शेवटी उभा राहून काम केलं आहे. त्यामुळे ज्या प्रकरणात ही रांग उलटी लावली गेली, त्याकडे मी पुन्हापुन्हा जातो.

हे प्रकरण म्हणजे १९६८ सालचा, इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लेओनेचा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या बंदूकबाजांचा सिनेमा, ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’, मूळ इटालियन नाव ‘चेरा उना व्होल्ता इल वेस्ट’, आणि एन्निओ मोरिकोनेनं त्यासाठी रचलेलं संगीत. माझा रोख सिनेमापेक्षा त्याच्या तबकडीवर आहे. पार्श्वसंगीताच्या बहुतेक तबकड्या सिनेमा पाहिलेल्या माणसालाच ऐकवतात, आणि त्यालाही पहिली दहा मिनिटंच. ही तबकडी सिनेमा न पाहिलेला माणूसही शेवटपर्यंत ऐकतो. असं का होतं, याचं उत्तर ती कशी तयार झाली त्यात आहे.

वर्गमित्र

मोरिकोने आणि लेओने दोघेही रोमचे. मोरिकोनेचा जन्म नोव्हेंबर १९२८चा, लेओनेचा जानेवारी १९२९चा. प्राथमिक शाळेत काही काळ एका वर्गात होते, पण पुढे एकमेकांना विसरून गेले. १९६४च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’साठी लेओने संगीतकार शोधत मोरिकोनेच्या घरी आला, तेव्हा ही जुनी ओळख निघाली.

तोवर मोरिकोनेनं बरंच पाणी पाहिलं होतं. वडील ट्रम्पेटवादक, त्यामुळे हातात आधी ट्रम्पेट आलं. सांता चेचिलिया संगीतविद्यालयात गोफ्रेदो पेत्रास्सीकडे रचनेचं शिक्षण झालं. पोटापाण्यासाठी तो आरसीए या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या इटालियन शाखेत लोकप्रिय गाण्यांचा वाद्यमेळ लिहीत असे. त्या कामातही त्याचे कान भलतीकडे असत. १९६० साली जान्नी मेक्कियाच्या ‘इल बारात्तोलो’ या गाण्यात त्यानं रिकामा डबा गडगडत जाण्याचा आवाज तालासारखा वापरला. दुसरीकडे तो ‘नुओव्हा कॉन्सोनान्झा’ या गटाबरोबर वाद्यांतून ओरखडे, घासणं, श्वास काढणारं अगदी कडवं प्रयोगशील संगीत वाजवत होता. गल्लीतलं गाणं, विद्यालयातली शिस्त आणि या प्रयोगांतला गोंगाट एकाच माणसात एकत्र नांदत होते. एकदा हे कळलं की त्याच्या वेस्टर्नमधल्या शिट्ट्या आणि चाबकाचे फटकारे गंमत म्हणून आलेले नाहीत हे पटतं.

पहिल्या तीन चित्रपटांत दोघांची पद्धत हळूहळू बदलत गेली. दुसऱ्या सिनेमात, १९६५च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये, एक खिशातलं घड्याळ आहे. ते उघडलं की धून वाजते, आणि ती संपेपर्यंत माणसं एकमेकांवर बंदूक रोखून उभी राहतात. इथे संगीत कथेच्या आत शिरलं. तिसऱ्यात, १९६६च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’त, काही भाग चित्रीकरणाआधीच तयार होता. चौथ्यात दोघांनी पूर्ण उडी घेतली. मुख्य धुना आधी रचायच्या, वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायच्या, ध्वनिमुद्रित करायच्या आणि मग ती फीत घेऊन सेटवर जायचं, असं ठरलं.

लेओने मोरिकोनेच्या हाती पटकथा न देता कथा तोंडी सांगत असे, एकेक माणूस रंगवून. मोरिकोने त्यावर धून करून पियानोवर ऐकवायचा. लेओने कधीकधी चांगल्या बाजूला ठेवून कमअस्सल धून निवडतो असा अनुभव आल्यावर मोरिकोनेनं एक युक्ती केली : धून आधी स्वतःच्या बायकोला, मारियाला ऐकवायची, आणि तिच्या पसंतीला उतरलेल्या तेवढ्याच पुढे न्यायच्या. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. मारियाच्या डोक्यात ना शॉट होता ना क्रेन. धून नुसती धून म्हणून उभी राहते का, एवढंच तिचे कान सांगणार होते.

हे रोमातच का जमलं

आपल्याला ‘आधी रेकॉर्डिंग, मग शूटिंग’ यात नवल वाटत नाही. हिंदी आणि मराठी सिनेमातलं गाणं असंच होतं. १९३०च्या दशकात पार्श्वगायन आलं आणि तेव्हापासून गाणं स्टुडिओत मुद्रित करायचं, सेटवर कर्ण्यातून वाजवायचं आणि नटानं ओठ हलवायचे, ही रीत पडली. गाण्याच्या दृश्यात आपल्या दिग्दर्शकांची कॅमेऱ्याची हालचाल एकदम मोकळी, लयदार का होते याचं मोठं कारण हेच आहे. कॅमेरा चालवणाऱ्याच्या कानात ठेका असतो, ट्रॉली ढकलणाऱ्याच्या पायातही असतो. गाणं संपून संवाद सुरू झाले की तोच कॅमेरा पुन्हा जडशीळ होतो.

लेओनेनं गाण्यासाठी होणारी ही गोष्ट पार्श्वसंगीतासाठी केली. त्याच्या नटांना गायचं नव्हतं. त्यांना चालायचं होतं, वळायचं होतं, टोपी काढायची होती, बंदुकीकडे हात न्यायचा होता. त्या सगळ्याला सेटवर वाजणाऱ्या धुनेचा आधार होता.

हॉलिवूडमध्ये त्या काळी हे सहजी झालं नसतं, आणि त्याचं कारण साधं आहे. तिथे संवाद सेटवरच मुद्रित होत. कर्णा चालू असेल तर मायक्रोफोनमध्ये तोच शिरणार. इटलीत चित्रपट मुळात मुका चित्रित करून नंतर डब करण्याची पद्धत होती. नटही वेगवेगळ्या देशांतले, कुणी इंग्रजी बोलतो, कुणी इटालियन, कुणी स्पॅनिश, शेवटी सगळ्यांच्या तोंडी आवाज नंतरच चढणार. या सिनेमात हेन्री फोंडा, चार्ल्स ब्रॉन्सन आणि जेसन रोबार्ड्स हे तीन अमेरिकन आणि ट्युनिसमध्ये वाढलेली क्लाउदिया कार्दिनाले असा मेळ होता. सेटवरचा आवाज कुणाला नकोच होता, त्यामुळे संगीत हवं तेवढं मोठं लावता आलं. डबिंगच्या या पद्धतीला समीक्षकांनी नावं ठेवली आहेत, त्यात तथ्यही आहे. पण सेटवर पार्श्वसंगीत वाजवण्याची मोकळीक त्याच पद्धतीनं दिली, हे विसरायला नको.

आपल्याकडेही पुढे कितीतरी वर्षं चित्रपट डब होत होते. म्हणजे सोय आपल्याकडेही होती. गाण्यापलीकडे ती वापरावी असं फार थोड्यांना सुचलं, याची मला खरीखुरी हळहळ वाटते.

श्वासाचं वाद्य

आता धुना. सिनेमात मुख्य माणसं चार आहेत. बाहेरून आलेली जिल (कार्दिनाले), दरोडेखोर शायेन (रोबार्ड्स), मारेकरी फ्रँक (फोंडा) आणि ज्याला नावच नाही असा, माउथ ऑर्गन वाजवणारा माणूस (ब्रॉन्सन). सगळे त्याला हार्मोनिका म्हणतात. प्रत्येकाला स्वतःचा आवाज दिलेला आहे असं सर्रास लिहिलं जातं. ते पूर्ण खरं नाही, आणि तिथेच मोरिकोनेची खरी करामत आहे.

जिलची धून तिची एकटीची. तारवाद्यांवर गायिका एद्दा देल्लोर्सोचा आवाज येतो, शब्दाविना, नुसत्या आकारात. आपल्याकडचा आलाप ऐकलेल्या कानाला यात काही परकं वाटत नाही. अर्थ नाही, अक्षर नाही, तरी आवाज माणसाचा आहे. त्यामुळे तबकडी वाद्यसंगीताची राहते आणि तरीही तिच्यात कुणीतरी गातंय. शायेनची धूनही त्याची एकट्याची : बॅन्जो, जुन्या दारूच्या गुत्त्यातला वाटावा असा पियानो आणि अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीची शिट्टी. ठेका चालत्या घोड्याचा, थोडा लंगडा, थोडा खट्याळ.

फ्रँक आणि हार्मोनिका या दोघांची धून मात्र एकच आहे. तबकडीवर ती ‘मॅन विथ अ हार्मोनिका’ या नावानं येते. आधी माउथ ऑर्गन कण्हतो. मग इलेक्ट्रिक गिटार आवाज फाडून, खरवडून आत घुसते. माउथ ऑर्गन मारल्या गेलेल्याच्या बाजूचा, गिटार मारणाऱ्याची, दोन्ही एका धुनेत एकमेकांना जखडून ठेवलेले. सिनेमाचे दोन तास लोटेपर्यंत या दोघांचं नातं काय ते आपल्याला कळत नाही. संगीतानं मात्र ते पहिल्या भेटीतच सांगून टाकलेलं असतं.

माउथ ऑर्गन वाजवला असेल त्याला ठाऊक आहे, हे वाद्य दोन्ही दिशांनी वाजतं. फुंकर घातली की एक सूर, श्वास आत ओढला की दुसरा. बासरी, सनई फक्त सुटणाऱ्या श्वासावर चालतात. माउथ ऑर्गनमध्ये श्वास घेणंसुद्धा ऐकू येतं. फ्रांको दे जेमिनीनं इथे जे वाजवलं आहे त्याला गोड म्हणता येत नाही. सूर आत-बाहेर होतो, अडकतो, जवळच्याच सुरावर घासतो. हेडफोन लावून ऐका, दम लागलेला माणूस शेजारी बसल्यासारखं वाटतं.

फ्रँक आणि हार्मोनिकाच्या शेवटच्या द्वंद्वात, जुन्या आठवणीच्या रूपानं, याचा उलगडा होतो. अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीच्या लाल उजाड जमिनीवर एक कमान उभी आहे. तिला लटकवलेल्या फासात एका माणसाची मान आहे आणि तो आपल्या धाकट्या भावाच्या खांद्यावर उभा आहे. हा पोरगा म्हणजेच पुढचा हार्मोनिका. तो कोसळला की फास आवळणार. तरुण फ्रँक पुढे येतो आणि पोराच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो. पोराचा धापा टाकणारा श्वास त्या वाद्यातून बाहेर पडतो, आणि इतका वेळ आपण धून म्हणून जे ऐकत होतो ते काय होतं ते समजतं. मोरिकोनेनं माणसाला साजेसं वाद्य निवडलं, असं म्हणून भागत नाही. या दृश्यात श्वास, वाद्य आणि धून वेगळे काढताच येत नाहीत. संगीत नंतर चढवलं असतं तर हे इतकं घट्ट बसलं असतं यावर माझा विश्वास नाही.

इथे ‘शोले’ची आठवण येणं अटळ आहे. १९७५च्या त्या चित्रपटातल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावर लेओनेच्या सिनेमातल्या मॅकबेन कुटुंबाच्या, म्हणजे जिलच्या नवऱ्याच्या घरच्यांच्या, हत्याकांडाची सावली आहे, हे पूर्वीपासून बोललं गेलं आहे. मला जास्त बोलावंसं वाटतं ते माउथ ऑर्गनबद्दल. जय हवेलीसमोर बसून तो वाजवतो, समोर राधा एकेक दिवा मालवत जाते. राहुलदेव बर्मनसाठी तो वाजवला भानू गुप्तांनी. तेच वाद्य, पण इथे ते मनातलं बोलून दाखवता न येणाऱ्या माणसाचं प्रेम होतं. एकाच वाद्याची दोन इतकी वेगळी आयुष्यं शेजारी ठेवून ऐकण्यात मोठा आनंद आहे.

स्टेशनवरचा शॉट

पद्धतीची कसोटी एका दृश्यात बघावी. जिल रेल्वेनं फ्लॅगस्टोन नावाच्या गावी उतरते. हे गाव स्पेनमध्ये ग्रॅनडा प्रांतात ला कालाओराजवळ सेट लावून उभं केलं होतं. तिला घ्यायला नवरा येणार आहे. तो मेला आहे हे आपल्याला माहीत आहे, तिला नाही. फलाटावरची गर्दी विरते. ती स्टेशनच्या घड्याळाकडे बघते. इथे हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या जुन्या भावंडासारखे बारीक, टिपटिप सूर सुरू होतात. ती सामान उचलणाऱ्यांबरोबर निघते, स्टेशनमास्तरच्या खोलीत शिरते. कॅमेरा मात्र बाहेरच थांबतो आणि खिडकीतून पाहतो : ती काही विचारते, तो माणूस रस्ता दाखवतो. बोलणं ऐकू येत नाही. ती पलीकडच्या दारानं बाहेर पडते, आणि कॅमेरा भिंतीवरून वर, छपराच्या कौलांवरून आणखी वर चढतो. छपराची कड ओलांडल्याबरोबर पलीकडचं आख्खं गाव उघडतं, लाकडी सांगाडे, घोडे, गाड्या, धूळ, माणसंच माणसं. त्याच क्षणी एद्दा देल्लोर्सोच्या आवाजाखाली सगळा वाद्यवृंद भरून येतो.

क्रेनची चाल त्या धुनेवर बेतलेली होती. छप्पर कधी संपायचं हे धुनेनं ठरवलं. नेहमीच्या पद्धतीत काय झालं असतं? शॉट आधी घेतला असता, क्रेन आपल्या सोयीनं चढली असती, एडिटरनं मधला थोडा भाग कापला असता, आणि संगीतकारानं कागदावर सेकंद मांडून छपराच्या कडेला एक झांज ठेवली असती. ती झांज जागेवर पडली असती, यात शंका नाही. पण इथे क्रेनही श्वास घेते, आणि ती घेते कारण चालवणाऱ्यांना धून पाठ होती. मी हा शॉट विद्यार्थ्यांना आधी आवाज बंद करून दाखवतो. आवाज नसतानाही बहुतेकांना कुठे सम येणार ते कळतं.

लेओने एक गोष्ट सांगत असे : दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं त्याला विचारलं होतं की या चित्रपटात संगीत आणि चित्र इतकं एकजीव कसं झालं. लेओनेचं उत्तर एवढंच होतं की संगीत आधीपासून तयार होतं.

फोंडाच्या प्रवेशाचंही तसंच. मॅकबेनच्या घराबाहेर लाल चौकटीच्या टेबलक्लॉथवर जेवणाची तयारी चालली आहे. रातकिडे अचानक थांबतात. पुन्हा सुरू होतात, पुन्हा थांबतात. गोळ्या सुटतात, बाप आणि दोन मुलं पडतात. धाकटा मुलगा धावत दारात येतो आणि थबकतो. इतका वेळ संगीताचा एक सूर नाही. मग झुडपांतून लांब अंगरखे घातलेली माणसं निघतात आणि फाटक्या आवाजाची ती गिटार कानावर कोसळते. कॅमेरा वळून मारेकऱ्याच्या चेहऱ्यावर येतो आणि तिथे हेन्री फोंडाचे निळे डोळे, ज्यांना प्रेक्षकांनी जन्मभर सज्जन माणसाच्या चेहऱ्यात पाहिलं होतं. फोंडा सेटवर आला तो तपकिरी लेन्स आणि मिशा लावून, खलनायक वाटावा म्हणून. लेओनेनं दोन्ही उतरवायला लावलं. त्याला तेच निळे डोळे हवे होते, आणि त्यांच्यासाठी गिटार आधीच वाजून तयार होती.

सुरुवातीची मिनिटं

या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मला अशी वाटते की ज्या सिनेमाचं संगीत चित्रीकरणाआधी तयार होतं त्याच्या सुरुवातीच्या दृश्यात संगीतच नाही. तीन बंदूकवाले आडगावच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले आहेत. पवनचक्की तेल नसल्यासारखी कुरकुरते. एकाच्या टोपीवर छतातून पाण्याचा थेंब टपटपतो. दुसऱ्याच्या दाढीवर माशी बसते, तो ती बंदुकीच्या नळीत पकडून तिचं गुणगुणणं ऐकतो. तारयंत्र टकटक करतं, कुणीतरी त्याची तार उपटतो. हे असं कितीतरी मिनिटं चालतं, आणि मग गाडी निघून गेल्यावर रुळांच्या पलीकडून माउथ ऑर्गन ऐकू येतो.

मोरिकोनेनं या दृश्यासाठीही संगीत केलं होतं. ते बसेना. तेव्हा त्यानं लेओनेला फिरेन्झे (फ्लॉरेन्स) शहरातल्या एका प्रयोगाची हकिकत सांगितली : रंगमंचावर एक माणूस आला, त्यानं एक शिडी घेतली आणि कितीतरी वेळ ती करकरवत राहिला, बस, तोच कार्यक्रम. शांततेत ऐकलं की कुठलाही आवाज संगीत होऊ शकतो, हे त्यामागचं म्हणणं. लेओनेनं ते उचललं आणि पवनचक्की वाद्य झाली.

आपण लिहिलेलं संगीत काढून तिथे कुरकुर ठेवायला संगीतकारानंच वाट दाखवावी, हा मोठेपणा मला भावतो. आणि हिशेबही अचूक आहे. इतक्या खऱ्या आवाजांनंतर माउथ ऑर्गनचा पहिला सूर येतो तेव्हा तोही आधी पवनचक्कीसारखा एक आवाजच वाटतो. तो धून आहे हे एक क्षण उशिरा लक्षात येतं. ‘शोले’तल्या हत्याकांडात झोपाळ्याची करकर आहे, तिचंही काम तेच : आवाजाची जागा आवाजानंच भरायची, वाद्यांना थांबवून धरायचं.

तबकडी

आरसीएनं काढलेल्या, बहुतेकांच्या हाती पडलेल्या आवृत्तीत तेरा तुकडे आहेत. पहिला शीर्षकाचा, म्हणजे जिलची धून, आणि शेवटचा ‘फिनाले’. मधला क्रम सिनेमाचा नाही. हत्याकांडाचा तुकडा दुसरा येतो, माउथ ऑर्गनचा मुख्य तुकडा मध्यावर सातवा. पवनचक्की अर्थातच कुठे नाही. अडीच तासांहून मोठ्या सिनेमाचं हे सार आहे असं समजून ऐकलं तर फसगत होईल.

पण तुकडे तोडलेले वाटत नाहीत. इतर पार्श्वसंगीतात ऐकताना हमखास जाणवतं की इथे धून चालली होती आणि कुणीतरी बंदूक काढली म्हणून ती मध्येच मुरडली, तिथे दार उघडलं म्हणून अचानक वाढली. कारण दिसत नाही, परिणाम ऐकू येतो. इथे धुनेला सुरुवात आहे, वाढ आहे, उतार आहे, कारण ती लिहिली गेली तेव्हा तिला मुरडायला कुणी दार उघडणारंच नव्हतं. तिला जेवढा वेळ हवा तेवढा मिळाला, आणि नंतर सिनेमानं त्या वेळाशी जुळवून घेतलं. ही तबकडी तबकडी म्हणून टिकली त्याचं माझ्या मते हेच मुख्य कारण. मोरिकोने आपला वाद्यमेळ स्वतः लिहायचा, ते दुसऱ्यावर सोपवत नसे, हे दुसरं. कुठे आवाजाखाली फक्त तारवाद्यं ठेवायची आणि कुठे शिंगं आणायची यात एकाच माणसाचा हात दिसतो.

नवख्याला मी सांगतो, ‘जिल्स अमेरिका’पासून सुरुवात करू नकोस, शीर्षकापासूनही नको. आधी ‘बॅड ऑर्केस्ट्रा’ ऐक. फाटक्या बँडची ती वेडीवाकडी, विसंवादी गंमत आहे. त्यात मोरिकोनेचे प्रयोगशील कान उघडे दिसतात, आणि मग जिलची धून ऐकली की ती नुसती गोड राहत नाही.

ऑस्करमध्ये या कामाला नामांकनही नव्हतं. मोरिकोनेला सन्माननीय ऑस्कर २००७ साली आणि स्पर्धेतलं २०१६ साली, ‘द हेटफुल एट’साठी मिळालं.

जिथे मला खटकतं

ही पद्धत निर्दोष नाही. धून आधी ठरली की माणूसही आधीच ठरून जातो. जिलला तबकडीतली सगळ्यात मोठी धून मिळाली, पण कथेत तिच्या हाती फार थोडे निर्णय दिलेत. पुरुष येतात, तिचं काय करायचं ते ठरवतात. शेवटाकडे शायेन तिला सांगतो की बाहेर राबणाऱ्या मजुरांना पाणी नेऊन दे आणि कुणी लगट केली तर मनावर घेऊ नकोस. वाक्य बोचणारं आहे. त्यानंतर ती पाण्याची घागर घेऊन मजुरांत जाते, धून उसळते, रेल्वे येते, आणि आपण भारावून ते वाक्य विसरतो. संगीतानं इथे पटकथेची उणीव भरली आहे असं कुणी म्हणेल. मला वाटतं की झाकली आहे. रेल्वेचा मालक मॉर्टन समुद्र बघायला मिळावा म्हणून तडफडतो आणि चिखलाच्या डबक्याशी लाटांचे आवाज ऐकत मरतो. त्याला धून छोटी मिळाली, पण माणूस पुरा मिळाला.

दुसरी अडचण कापाकापीची. संगीताच्या वेळावर उभा राहिलेला सिनेमा आखूड करता येत नाही. १९६९ साली अमेरिकेत तो लावताना वीस मिनिटांच्या आसपास कात्री चालली आणि तिथे तो चाललाही नाही. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, जवळजवळ दीड कोटी तिकिटं खपली. कात्रीमुळेच अमेरिकेत पडला असं म्हणणं धाडसाचं होईल. पण काय कापलं ते पाहावं. त्यात शायेनचं मरण होतं.

मूळ सिनेमात हे मरण असं आहे. द्वंद्व संपलंय. शायेन आणि हार्मोनिका जिलच्या घरून निघतात. थोडं पुढे गेल्यावर शायेन मागे पडतो, घोड्यावरून उतरून खाली बसतो. पोटात गोळी लागलेली त्यानं लपवली होती. मला मरताना बघू नकोस, तोंड फिरव, असं सांगतो. हार्मोनिका पाठ करून उभा राहतो. शायेनची ती खट्याळ धून, बॅन्जो आणि शिट्टी, अजून वाजते आहे. मग ती मध्येच तुटते. मागे वळून बघायची गरज उरत नाही.

तबकडीवर ‘फेअरवेल टू शायेन’ तिसऱ्याच क्रमांकावर आहे. शायेन निरोप घेऊन जातो आणि त्याच्यामागे अजून दहा तुकडे बाकी असतात.